‘हिअरबाय’ लावण्यापूर्वी वाचा

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे, असं वर छापायची पद्धत आहे म्हणून छापलं. एरवी या शब्दाच्या बाबतीत आपल्याकडे कोरा नवशिका मिळणं अवघड. ज्याने म्हणून नोकरीसाठी बायोडेटा टाइप करून घेतला, त्याने शेवटी ‘आय हिअरबाय डिक्लेअर दॅट’ या ओळीखाली स्थळ, दिनांक आणि सही केलेलीच असते. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, इतकंच तिथे म्हणायचं असतं. ती ओळ त्याने मित्राच्या बायोडेटातून उचललेली, मित्राने झेरॉक्सवाल्याकडच्या नमुन्यातून. छंदांच्या रकान्यात जे ‘वाचन’ लिहिलंय तेही या ओळीखाली येतं, हे दोघांच्याही ध्यानात आलेलं नसतं. अमेरिकेतल्या बायोडेटात ही ओळ सहसा नसते. तिथे माहिती खरी आहे असं धरून चालतात आणि खोटी निघाली की काढून टाकतात. आपल्याकडे आधी लिहून घेतात.

तर शब्द हाताशी आहेच. तो चालवायचा कसा, ते पाहू.

अर्थ थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार काही नाही. ‘या कागदाने’ किंवा ‘या बोलण्यानेच’. सरकारी मराठीत ‘याद्वारे’. हा शब्द वाक्याला बजावतो की नुसती बातमी देऊ नकोस, काम उरकून टाक. ‘मी राजीनामा देईन’ ही धमकी झाली, काहींच्या बाबतीत ती सवय असते. ‘मी याद्वारे राजीनामा देतो’ म्हटलं की राजीनामा दिला गेला. निदान तसा दावा तरी असतो.

घरच्या घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. कपभर चहा समोर ठेवा आणि खणखणीत आवाजात म्हणा, ‘मी याद्वारे हा चहा पितो.’ काही होणार नाही, फक्त चहा थोडा निवेल. आता म्हणा, ‘मी याद्वारे हा चहा धाकट्याला देऊन टाकतो.’ कप जागचा हलला नाही, पण चहा तुमचा राहिला नाही. आता प्यायलात तर भांडण होईल. पहिल्या वाक्यातलं काम घशाने करायचं होतं, दुसऱ्यातलं तोंडच्या शब्दांनीच झालं. ‘हिअरबाय’ फक्त दुसऱ्या जातीच्या क्रियापदांना लागतो: जाहीर करणे, नेमणे, बडतर्फ करणे, अधिकार देणे, मनाई करणे, माफ करणे, त्याग करणे.

ही चाचणी आमच्या पदरची नाही. ऑक्सफर्डमध्ये जे. एल. ऑस्टिन नावाचे तत्त्वज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नॉर्मंडीच्या चढाईसाठी गुप्तवार्ता गोळा करण्याचं काम केलं आणि नंतर उरलेलं आयुष्य ‘आपण बोलतो तेव्हा नेमकं करतो काय’ या चौकशीत घातलं. १९५५ साली हार्वर्डमध्ये त्यांनी यावर व्याख्यानं दिली. ते १९६० मध्ये वारले आणि व्याख्यानांचं पुस्तक १९६२ मध्ये निघालं. त्याचं नाव ‘हाउ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌स’. नुसतं शीर्षक वाचून ते पत्रलेखनाचं गाइड म्हणून कुणी घेतलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही. वाक्यात ‘हिअरबाय’ घालून पाहा, बसला तर ते वाक्य माहिती देत नाही, काम करतं, ही ओळखण्याची खूण ऑस्टिननी दिली. पुढे त्याच व्याख्यानांत त्यांनी स्वतःचीच ही विभागणी उसवली. ‘मी याद्वारे असं नमूद करतो’ हेही वाक्य सुरळीत बसतं, आणि नमूद करणं म्हणजे माहिती देणंच की! नवशिक्यांनी या भानगडीत पडू नये. चहाच्या चाचणीवर भागवावं.

ऑस्टिनच्या उदाहरणांतलं एक आपल्याला फार जवळचं आहे. प्रवाशांनी रूळ पुलावरूनच ओलांडावेत असा इशारा देण्यात येत आहे, अशा धाटणीची रेल्वेची पाटी. इंग्लंडातली. दादर, कुर्ला, ठाण्याच्या माणसाला ती इंग्लंडातली वाटणार नाही. तिथे ‘हिअरबाय’ चपखल बसतो, कारण पाटी लागली की इशारा देऊन झाला. प्रवाशाने तो ऐकला की नाही, हा वेगळा खटला. आपल्याकडे पाटीच्या खालूनच लोक रुळात उतरतात, पण म्हणून इशारा अपुरा राहिला असं रेल्वेचा वकील म्हणणार नाही. इथून पुढचा नियम निघतो. ज्या कामाला समोरच्याच्या मनाची गरज आहे, त्याला हा शब्द लावू नये. ‘मी याद्वारे तुमची खात्री पटवतो’ हे होत नाही. ‘मी याद्वारे तुम्हाला घाबरवतो’ म्हटलं तर समोरचा हसेल. अपमानही याद्वारे करता येत नाही, आणि पुण्यातल्या जुन्या वाड्यांवरच्या पाट्या पाहिल्या तर त्यासाठी या शब्दाची गरज कुणाला कधी भासलेली दिसत नाही.

व्याकरणाचे नियम थोडे आहेत. काळ वर्तमान. ‘मी याद्वारे जाहीर करत होतो’ हे वाक्य कोर्टात टिकत नाही, घरातही टिकत नाही. कर्ता एक तर ‘मी’ किंवा ‘आम्ही’, नाहीतर कर्ता गायब आणि वाक्य कर्मणी, जसं की ‘तमाम जनतेस कळविण्यात येते’. वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसा या दुसऱ्या साच्यावर चालतात. कळवणारा वकील खाली बारीक अक्षरांत असतो आणि वर नुसतं कळवणं असतं, ढगातून आल्यासारखं. जागा कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये. एका वाक्यात एकदाच.

याच कुळातले भाऊबंद मात्र नीट ओळखून ठेवा. ‘हिअरविथ’ म्हणजे सोबत. ‘प्लीज फाइंड हिअरबाय अटॅच्ड’ असं लिहिणारे शेकड्याने आहेत. त्यांना सोबत जोडलंय असं म्हणायचं असतं, आणि फाइल बहुतेक वेळा ना सोबत असते ना याद्वारे. ‘हिअरआफ्टर’ म्हणजे यापुढे, पण त्याचा दुसरा अर्थ परलोक. भाडेकरारात ‘हिअरइनआफ्टर’ हवा, म्हणजे ‘यापुढे या करारात ज्यांना लिहून देणार असे संबोधले आहे’. तिथे चुकून धाकटा भाऊ आला तर घरमालक आणि भाडेकरू यांचं नातं अकरा महिन्यांच्या फार पुढे जातं.

आता अवघड भाग. शब्द बरोबर, काळ बरोबर, जागा बरोबर, तरी हिअरबाय लागू होत नाही असं का घडतं?

पहिलं कारण, बोलणारा भलताच. २३ ऑगस्ट २०१९ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर अमेरिकन कंपन्यांना ‘हिअरबाय ऑर्डर्ड’ असा हुकूम सोडला की त्यांनी चीनला पर्याय ताबडतोब शोधायला लागावं. व्याकरणात खोट काढायला जागा नव्हती. कर्मणी प्रयोग, वर्तमानकाळ, शब्द योग्य ठिकाणी. पण अध्यक्षाला खासगी कंपन्यांना असा हुकूम देता येतो का, यावर दिवसभर काथ्याकूट झाला. मग त्यांनीच १९७७ च्या आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याकडे बोट दाखवलं. म्हणजे आधी हिअरबाय आणि मागून अधिकाराचा शोध. नवशिक्यांनी हा क्रम उलटा ठेवावा.

ब्रिटननेही हा धडा घेतला, आणि तो जास्त शिकण्यासारखा आहे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस द्यायची होती. सार्वमत झालेलं, पंतप्रधान तयार, पत्र लिहायचं तेवढं बाकी. तेव्हा जीना मिलर नावाच्या बाई कोर्टात गेल्या. हे ‘हिअरबाय’ म्हणण्याचा अधिकार पंतप्रधानांना परस्पर आहे, की आधी संसदेने कायदा करायला हवा, एवढाच प्रश्न. २४ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की संसदेला विचारा. संसदेने कायदा केला आणि २९ मार्चला तेरिझा मे यांचं सहा पानी पत्र ब्रसेल्सला पोचलं. सहा पानांत मैत्री, भागीदारी, सदिच्छा वगैरे पुष्कळ आहे. काम करणारी वाक्यं मात्र दोनच, ज्यांत ‘आय हिअरबाय नोटिफाय’ आहे. बाकीचं पत्र त्या दोन वाक्यांच्या अवतीभवती उभं केलेलं वऱ्हाड.

लग्नावरून आठवलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना एका छापील घोषणापत्रावर सही करावी लागते. मी सध्या अविवाहित आहे, वय इतकं पूर्ण आहे वगैरे. त्या कागदावर ‘हिअरबाय’ आहे. पण तीन साक्षीदारांसमोर नवरा-बायको एकमेकांना जे वाक्य म्हणतात, ज्याने खरं लग्न लागतं, त्यात तो नाही. हिंदू विवाह कायद्याखाली तर सप्तपदी असेल तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण, तोंडाने काहीही म्हणा. नुसतं प्रमाणपत्र आहे पण विधी झालेच नाहीत, तर ते लग्न नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पायांनी करायचं काम शब्दांवर टाकता येत नाही. पुन्हा चहाची चाचणी.

दुसरं कारण आपल्या मंडळींना लगेच कळेल. कागद पोचलाच नाही.

रिचर्ड निक्सन यांचं राजीनाम्याचं पत्र या शब्दाच्या वापराचा आदर्श नमुना मानावं. तारीख ९ ऑगस्ट १९७४, मजकूर एकच वाक्य. मी याद्वारे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देतो, संपलं. ना ‘प्रकृतीच्या कारणास्तव’, ना ‘आपण दिलेल्या संधीबद्दल ऋणी आहे’. पत्र परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्या नावे, कारण राष्ट्राध्यक्षाचा राजीनामा लेखी, सहीचा आणि परराष्ट्रमंत्र्याच्या कार्यालयात पोचता झालेला असला पाहिजे असा तिथला कायदा आहे. त्या पत्रावर कोपऱ्यात हाताने वेळ टाकलेली आहे, ११.३५, आणि किसिंजर यांची आद्याक्षरं. आपल्या कोणत्याही तहसील कचेरीतल्या आवक कारकुनाने पाहिलं तर त्याला घरच्यासारखं वाटेल. निक्सन त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये नव्हतेच, विमानाने कॅलिफोर्नियाच्या वाटेवर होते. म्हणजे माणूस आकाशात आणि पद अजून अंगावर, जमिनीवर कुणीतरी पोच देईपर्यंत.

राजांचंही तेच. आठव्या एडवर्डने १० डिसेंबर १९३६ रोजी ‘डू हिअरबाय डिक्लेअर’ लिहून गादी सोडली. साक्षीदार म्हणून तिघा सख्ख्या भावांच्या सह्या. त्यातला एक उद्याचा राजा, म्हणजे लाभार्थीच साक्षीदार. आपल्या सब-रजिस्ट्रारने भुवई उंचावली असती. तरीही तेवढ्याने गादी सुटली नाही. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटने कायदा केला, त्याला राजाची मंजुरी लागत होती, ती एडवर्डनेच दिली आणि त्या क्षणी तो राजा राहिला नाही. स्वतःचा राजीनामा स्वतःच मंजूर करण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

याउलट टोक महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिलं. सरकारात असलेले शिवसेनेचे मंत्री राजीनामे खिशात घेऊन फिरतो असं सांगत होते. त्या कागदांवर याद्वारे होतं की नाही ठाऊक नाही, पण असलं तरी काय? खिशातला हिअरबाय कुणालाच लागू होत नाही. या ठिकाणी नवशिक्यांनी वहीत लिहून घ्यावं: आमदारकीचा राजीनामा तर नुसता पोचूनही भागत नाही. १९७४ च्या तेहतिसाव्या घटनादुरुस्तीपासून तो स्वखुशीचा आणि खरा आहे याची अध्यक्षांना खात्री पटावी लागते, मग तो स्वीकारला जातो. आणि खात्री पटवण्याच्या कामाला हिअरबाय चालत नाही, हे आपण मघाशीच शिकलो.

प्रात्यक्षिक पाहायचं असेल तर कुठल्याही जिल्हा न्यायालयाच्या फाटकापाशी सकाळी अकराच्या सुमारास उभं राहावं. टेबल, त्यावर कॉम्प्युटर, वर ताडपत्री. नावात बदल, दाखला हरवला, गॅसचं कनेक्शन वडिलांच्या नावावरून आपल्या नावावर करून घ्यायचं, सगळ्याचे नमुने तयार. टायपिस्ट विचारतो, ‘नाव, वय, धंदा, राहणार?’ आणि तुम्ही सांगेपर्यंत त्याचं ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ टाइप होऊन गेलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर-दोनशेचे मुद्रांक जाऊन कमीत कमी पाचशेचा झाला, त्यामुळे पूर्वी चूक झाली की लोक हसून दुसरा कागद आणत, आता टायपिस्टकडे बघतात. (सरकारी दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक माफ आहे. हे टायपिस्ट आपण होऊन सांगत नाही.) मग नोटरी. ते वर न बघता विचारतात, ‘सही तुमचीच ना?’ तुम्ही मान डोलावता. रजिस्टरात सही, तिकीट, गोल शिक्का, लाल सील. शपथ घेतलीत कधी? तीच. मान डोलावली ती. हिअरबाय इतक्या हळू आवाजात घडतो की पुष्कळांना तो घडल्याचं पावती हातात आल्यावर कळतं.

प्रवीण झालेल्यांसाठी दोन नमुने.

अमेरिकेचं नागरिकत्व घेणारा पुण्या-साताऱ्याकडचा मुलगा न्यू जर्सीतल्या एखाद्या सभागृहात उजवा हात वर करून जी शपथ घेतो, तिचा दुसराच शब्द ‘हिअरबाय’ आहे. त्या वाक्याने तो सगळ्या परक्या राजेरजवाड्यांशी आणि राज्यांशी असलेली निष्ठा सोडतो. भारताकडून मात्र त्याला काही म्हणावं लागत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परक्या देशाचं नागरिकत्व स्वीकारलं की इथलं आपोआप जातं. तिकडे वाक्य म्हणून मिळवायचं, इकडे न बोलता घालवायचं, आणि मग पासपोर्ट जमा केल्याच्या कागदासाठी वेगळी रांग.

दुसरा नमुना आपल्या संविधानाच्या उद्देशिकेचा. ‘आम्ही भारताचे लोक’ असा कर्ता, मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता, मग तारीख आणि मग ‘हिअरबाय’. कर्ता आणि क्रियापद यांत इतकं अंतर ठेवून तो पेलणारं दुसरं वाक्य मला तरी माहीत नाही. नवशिक्यांनी याची नक्कल सोसायटीच्या ठरावात करू नये. तारीख २६ नोव्हेंबर १९४९. शब्द म्हणतो, आत्ता, याद्वारे. तरी शेवटाकडचं ३९४ वं कलम सांगतं की नागरिकत्व, निवडणूक वगैरे मोजकी कलमं आजपासून, बाकीचं सारं २६ जानेवारी १९५० पासून. म्हणजे देऊन आज टाकलं, वापरायला दोन महिन्यांनी काढायचं. कर्ता इतका मोठा असेल तर अशी मुभा घेता येते.

सोसायटीपुरतं तुमचं आमचं भागतं ते असं: ‘गच्चीवर मसाले वाळत घालण्यास याद्वारे मनाई करण्यात येत आहे.’ खाली सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सूचक आणि अनुमोदकाची नावं नसतील तर मसाले घालायला हरकत नाही.

स्वाध्याय. पुढीलपैकी कुठे हिअरबाय लागेल ते ठरवा.

एक, ‘मी याद्वारे उद्यापासून पहाटे उठतो.’ लागणार नाही. गजराला विचारा.

दोन, ‘मी याद्वारे व्याह्यांना माफ करतो.’ व्याकरणाने लागेल. पोच कुणाकडून घेणार ते आधी ठरवा.

तीन, ‘मी याद्वारे व्हॉट्सॲप ग्रुप सोडतो.’ लागणार नाही. त्यासाठी बटण आहे, आणि बटण दाबायचं असणारे सहसा एवढं लिहीत नाहीत.

चार, नोकरीचा राजीनामा. लागेल. एकाच वाक्यात लिहा, निक्सनसारखा. दोन प्रती काढा, दुसरीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या, शिक्क्यातली तारीख आजची आहे ना ते बघा. कालचीच राहिलेली असली तर बदलून मारायला सांगा.